वॉकओव्हर

बातमी आली तेव्हा नेरूळच्या मैदानावर
चुन्याच्या रेषा मारायचं काम अर्ध्यावर होतं.
बाळाराम तांडेलचा फोन वाजला,
डबा हातातच राहिला,
आणि पेनल्टीच्या चौकटीतून रेष वाकडी होत
कॉर्नरच्या झेंड्याकडे निघून गेली.
ती अजून तशीच आहे. कुणी पुसली नाही.

मढवी सरांवर चारशेवीस.
खरं तर आता तीनशे अठरा म्हणतात,
पण नवा कायदा आमच्या कट्ट्यापर्यंत पोचलेला नाही.
खोटी प्रमाणपत्रं. खेळाडूंच्या पाच टक्क्यांतल्या नोकऱ्या.
एका पोरामागे साठ हजार,
कुणाकुणाच्या आईच्या गळ्यातलं मोडून.

"सर आनि पैसं? अरे, त्यांच्या बुटाला तळ नाय!"
हा बाळाराम.
जोमोन बेकरीवाल्याचं म्हणणं, कॉलेजनेच डाव टाकला,
जिमखान्याच्या जागेवर त्यांचा डोळा आहे.
निवृत्त पोस्टमास्तर गुरव यांनी तर कागदच काढला:
अकरा वर्षं, चार करंडक,
वाशीच्या फायनलला दोन-शून्यने मागे, तिथून तीन-दोन.
एवढं करणारा माणूस खोटं कशाला छापेल?
करंडकाचा आणि छापण्याचा काय संबंध
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

मग सगळे कुंदाताई घरतांवर घसरले.
तक्रार त्यांची.
पोराला बेंचवर बसवला, त्याचा राग, म्हणे.
घणसोलीचीच ती, म्हणे, जणू घणसोली परदेशात आहे.
तीन मोसम त्या हाफटाइमला मोसंबीच्या फोडी आणायच्या,
स्टीलच्या डब्यात, वरून मीठ भुरभुरून.
आधी पोरांना, उरलं की आम्हाला.
उरायचंच. त्या आमच्या हिशेबानेच सोलत असणार.

मी गप्प होतो.
माझ्या प्रमाणपत्राला लॅमिनेशन आहे.
महापालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसतो
ते त्याच कागदावर.
इस्लामपूर, राज्यस्तरीय, विजेता संघ.

गेलो होतो आम्ही, हे खरं.
एका जीपमध्ये चौदा जण.
रात्री ढाब्यावर सरांनी सगळ्यांना भुर्जी-पाव दिला
आणि स्वतः नुसत्या चहावर राहिले, हेही खरं.
सकाळी मैदानात शेळ्या होत्या.
समोरचा संघ आला नाही.
येणार होता की नाही, ते आजही माहीत नाही.
सर म्हणाले, नियम आहे, एक गोल मारावा लागतो.
मी सेंटरवरून चेंडू घेतला आणि पळालोही नाही,
चालत गेलो,
दोन बांबूंच्या मधून पलीकडे ढकलला.
पोरं ओरडली. मी गुडघ्यांवर घसरलो,
डाव्या गुडघ्यावर खूण आहे, दाखवू शकतो.
एक शेळी तेवढी दचकली.

रविवारी सरांशिवाय पहिली मॅच.
त्यांची लाल प्लॅस्टिकची खुर्ची टचलाइनवर ठेवलीच,
उन्हात तापत राहिली.
गुरवांनी पाठिंब्याचं पत्र फिरवलं.
माझी सही सातवी.
खाली हुद्दाही लिहून टाकला, सवयीने.

हाफटाइमला कुंदाताई गेटातून आत आल्या.
हातात डबा नव्हता.
माणसं बाजूला झाली, कुणाला तरी अचानक फोन आला,
जोमोन बुटाची नाडी बांधायला वाकला,
त्याच्या पायात चपला होत्या.
त्या सरळ माझ्यापाशी थांबल्या.
आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"तू होतास ना रे इस्लामपूरला?
माझ्या पोराच्या कागदावर इस्लामपूरच लिवलंय.
तो तर कधी गेलाच नाय तिकडं.
मॅच झाली होती का तिथं?"

पंचाने शिट्टी फुंकली. पोरं उठली,
ढुंगणाची माती झटकत आपापल्या जागी गेली.
बाळाराम माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो,
एक गोल मी मारला होता.